उन्हाळ्याचा पाय चौकटीबाहेर का आलाय? (ऋतूंची जुनी छापचित्रं)

रेघोट्या

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण हे काही डोक्यातून जाईना म्हणून शेवटी धागा काढतेय. गेले चार दिवस मी म्युझियमांच्या साइटवरची सोळाव्या शतकातली युरोपियन छापचित्रं मोठी करकरून बघत बसलेय (कामं पडलीयेत तशीच पडलीयेत), त्यात चार ऋतूंचा एक सेट सापडला. अँटवर्प, १५७०. वसंत आणि उन्हाळा त्या काळचा तिथला चित्रकार पीटर ब्रूगेलच्या रेखाटनांवरून, शरद आणि हिवाळा हान्स बोल म्हणून कुणीतरी आहे त्याच्या रेखाटनांवरून. वर्गवारीत लिहिलंय 'ऋतूंची रूपकं'.

आता रूपक म्हटल्यावर मी आपली फुलांचा मुकुट घातलेली बाई, गव्हाच्या ओंब्या घेतलेली बाई असलं काहीतरी शोधतेय तर तसलं काहीच नाही! उन्हाळ्यात सरळ शेतातले मजूर आहेत. कुणी कापतंय, कुणी पेंढ्या बांधतंय, आणि अगदी पुढे एक गडी बसून भलामोठा मडका तोंडाला लावून घटाघटा पितोय, आणि त्याचा पाय चित्राच्या चौकटीच्या बाहेर आलाय. म्हणजे खाली लॅटिन ओळीसाठी जी पट्टी सोडलीय तिच्यात घुसलाय. त्याच्या लांब दांड्याच्या विळ्याचं पातंही तसंच बाहेर. आधी वाटलं स्कॅनमध्ये गडबड आहे, मग दुसऱ्या म्युझियमचा स्कॅन बघितला तर तिथेही पाय बाहेरच.

गंमत म्हणजे हेच चित्र माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात आहे, इतकी वर्षं मी ते बघतेय आणि मला हा पाय कधी दिसलाच नाही, कारण छापताना त्यांनी खालची पट्टी नीट सरळ कापून टाकलीय, पायासकट!

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. यात रूपक नक्की कुठे आहे? पाय मुद्दाम बाहेर काढलाय का? तळाशी जी बारीक नावं असतात ती कुणाकुणाची? आणि उन्हाळ्याच्या ओळीत महिने जुलै, ऑगस्ट आणि मग जून अशा क्रमाने का आहेत, जून आधी यायला हवा ना? शिवाय दोन चित्रं एकाची आणि दोन दुसऱ्याची हा काय प्रकार आहे?

पोथीनिष्ठ

वा, मस्त धागा. शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सगळ्यात सोपा आहे. ती ओळ अशी आहे, 'यूलियुस, आउगुस्तुस, नेक नोन एत यूनियुस एस्टास', म्हणजे जुलै, ऑगस्ट आणि तसाच जूनसुद्धा मिळून उन्हाळा. ही गद्य ओळ नाहीये, ओविड-व्हर्जिल हे जुने रोमन कवी ज्या वृत्तात लिहायचे त्या सहा गणांच्या वृत्तात बसवलीय, आणि वृत्तात बसवायचं म्हटलं की जूनला जागा मिळेल तिथे बसावं लागतं. 'नेक नोन एत' हे शब्द तर निव्वळ भरणा आहेत, आपण कविता पाडताना 'तो' आणि 'हा' घुसडतो तसे. वसंताची ओळ बघा, तीही त्याच वृत्तात आहे पण तिथे मार्च, एप्रिल, मे क्रमाने बसलेत, नशीब त्यांचं.

आता रूपक. याच ओळींच्या सोबत आणखी चार शब्द असतील बघा. वसंताच्या चित्रात म्हटलंय की वसंत हा बालपणासारखा, उन्हाळ्याच्या चित्रात 'एस्टास अडोलेसेन्तिए इमागो', उन्हाळा म्हणजे तारुण्याची प्रतिमा. तसंच पुढे शरद म्हणजे प्रौढ वय आणि हिवाळा म्हणजे म्हातारपण. ही जोडी जुनी आहे, ओविडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या पंधराव्या भागात पायथागोरसच्या तोंडी हेच आहे, वर्षाची चार वयं. आणि त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सूर्याच्या महालात चारही ऋतू उभे आहेत, फुलांचा मुकुट घातलेला वसंत, ओंब्यांची माळ घातलेला उघडा उन्हाळा, द्राक्षं तुडवून डागाळलेला शरद, पांढऱ्या राठ केसांचा गोठलेला हिवाळा. तुम्ही जी बाई शोधताय तिचं मूळ बरंचसं तिथे आहे.

याच्यावर मग चाराचार गोष्टींची सगळी दुकानदारी उभी राहिली. वसंत म्हणजे हवा आणि रक्त, उन्हाळा म्हणजे अग्नी आणि पिवळं पित्त, शरद म्हणजे पृथ्वी आणि काळं पित्त, हिवाळा म्हणजे पाणी आणि कफ. देव वाटून द्यायचे झाले तर वसंताला फुलांची फ्लोरा नाहीतर प्रेमाची व्हीनस, उन्हाळ्याला धान्याची सेरेस, शरदाला द्राक्षांच्या दारूचा बॅकस. हिवाळ्याच्या बाबतीत मात्र एकमत नाही, कधी उत्तरेचा वारा बोरियस, कधी भट्टीपाशी बसणारा व्हल्कन. सोळाव्या शतकातल्या शिकलेल्या गिऱ्हाइकाला हे सगळं पाठ असायचं, त्याला चित्रात एक ओंबी दाखवली तरी तो पुढचं आपोआप म्हणायचा.

अवांतर: बाई का बुवा हा घोळ व्याकरणाचाही आहे बरं का. लॅटिनमध्ये उन्हाळा आणि हिवाळा स्त्रीलिंगी, शरद पुल्लिंगी, वसंत नपुंसकलिंगी. इटालियनमध्ये वसंत-उन्हाळा स्त्रीलिंगी आणि शरद-हिवाळा पुल्लिंगी. मराठीत चारही पुल्लिंगी, त्यामुळे आपल्याला 'उन्हाळा' नावाची बाई बघून उगाच अडखळायला होतं. आणि हिवाळ्याला लॅटिनमध्ये स्त्रीलिंग असूनही चित्रकार बहुतेक वेळा शेकोटीपाशी कुडकुडणारा म्हाताराच काढतात, म्हणजे व्याकरणही त्यांनी सोयीनेच पाळलं.

तिरपागडा

पोथीनिष्ठ, माहिती भारी पण मला हे पटत नाही. ओविड, पित्त, कफ सगळं ठीक, पण ते चित्रात कुठे आहे दाखवा ना. चित्रात शेत आहे, घाम आहे, तहान आहे. खाली लॅटिन ओळ चिकटवली की झालं रूपक? मग उद्या मी माझ्या मांजराच्या फोटोखाली 'आळसाची प्रतिमा' असं लिहिलं तर तेही रूपकच. प्रकाशकाला शिकलेल्या गिऱ्हाइकाला माल विकायचा होता, त्याने लेबल लावलं. विषय संपला.

शाईचे_हात

हा विषय बघून राहवलं नाही, मी स्वतः ताम्रपटावर (म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यावरून कागदावर छापायचं) काम करते त्यामुळे कारागिराच्या बाजूने बोलते.

नावांचं असं आहे. 'इन्व्हेन्टोर' किंवा नुसतं 'इन्व्ह.' म्हणजे कल्पना-रेखाटन ज्याचं तो, 'स्कल्प्सिट' म्हणजे ज्याने तांब्यावर कोरलं तो, 'एक्सकुडिट' किंवा 'एक्सकुड.' म्हणजे ज्याने छापून बाजारात आणलं तो. कोरणारा कधी पूर्ण नाव न लिहिता एकात एक गुंतवलेली अक्षरं टाकून मोकळा होतो. या सेटमध्ये कोरणारा चारही चित्रांना एकच आहे, पीटर फान डर हायडेन, आणि प्रकाशक हिरोनिमस कॉक, ज्याच्या दुकानाचं नाव होतं 'चार वारे'. म्हणजे एका कागदावर तीन माणसांची मेहनत असते आणि भिंतीवर लावताना आपण एकाचंच नाव घेतो. पण तळाच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका हं! याच कॉकने १५५७ मध्ये मोठे मासे छोट्या माशांना खातात ते प्रसिद्ध चित्र काढलं, रेखाटन ब्रूगेलचं, कोरणारा हाच फान डर हायडेन, आणि इन्व्हेन्टोर म्हणून नाव टाकलं आधीच्या पिढीतला चित्रकार बॉशचं, जो जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती, कारण बॉशच्या नावाला मागणी होती. त्यामुळे तिरपागडा यांचं 'माल विकायचा होता' हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

आता उलटसुलटपणा. ताम्रपटावर जे कोराल ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं येतं. म्हणजे प्रिंटमध्ये माणसाच्या उजव्या हातात विळा हवा असेल तर रेखाटनात तो डाव्या हातात द्यावा लागतो, नाहीतर छापल्यावर सगळं गाव डावखुरं. त्यात खालचा मजकूर तर अख्खा उलटा कोरायचा, एकेक अक्षर. मी माझ्या पहिल्या प्लेटवर सही मोठ्या ऐटीत सरळ कोरली होती, पहिला छाप उचलला तेव्हा कळलं. ती प्लेट अजून ठेवलीय, कुणी फार कौतुक करायला लागलं की दाखवते.

आणि पायाबद्दल. हे माझ्यासाठी सगळ्यात भारी आहे. कोरणाऱ्याच्या हातात ब्युरिन असतं, म्हणजे टोकदार पोलादी सळई, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. ती ढकलत ढकलत तांब्याचा बारीक काप काढत जायचं. वळणदार रेघ हवी असेल तर हात वळवत नाहीत, खाली उशीवर ठेवलेली प्लेट फिरवतात. मग प्लेट किंचित गरम करून शाई खोबणीत भरायची, वरची पुसून काढायची, शेवटचा हात तळव्यानेच, ओला कागद ठेवायचा, वर लोकरी घोंगड्या, आणि दोन रुळांमधून दाबून काढायचं. इतकी मेहनत असताना 'चुकून पाय बाहेर गेला' असं होतच नाही! चौकटीची रेघ तिथे थांबवावी लागते, पाय संपल्यावर पुन्हा धरावी लागते, मजकुराला तेवढी जागा सोडावी लागते. आणि ब्रूगेलचं मूळ रेखाटन हॅम्बुर्गला आहे, १५६८ चं, त्यातही पाय आणि विळा असेच बाहेर आलेत. म्हणजे मुद्दामच आहे आणि कोरणाऱ्यानेही ते इमानाने पाळलंय.

तुमच्या पुस्तकवाल्यांनी जे कापलं ते चार शतकं लोक करत आलेत म्हणा. अल्बममध्ये चिकटवायला म्हणून कितीतरी प्रिंट्स कडेने छाटलेल्या असतात, प्लेटच्या दाबाची खूणसुद्धा उरत नाही.

रेघोट्या

शाईचे_हात, दंडवत! आता परत जाऊन बघितलं आणि अजून एक गोष्ट दिसली ती आधी कशी दिसली नाही देव जाणे. या चित्रात कुणाला धड चेहराच नाहीये! पिणाऱ्याचा चेहरा मडक्यामागे, बाकीच्यांचे टोपीखाली नाहीतर वाकल्यामुळे गायब, आणि एक बाई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन चाललीय तर तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसती भाजी. मी मोठं केलं तेव्हा दचकलेच. शिवाय ज्याला 'तारुण्य' म्हटलंय तो गडी एवढा दणकट, पोटऱ्या बघा त्याच्या, पण चेहरा नाही.

@पोथीनिष्ठ, भाजीचा चेहरा बघून मला तो फळाभाज्यांची तोंडं काढणारा इटालियन आठवला, तो याच काळातला ना?

पोथीनिष्ठ

अगदी याच काळातला. आर्चिम्बोल्दो, हॅब्सबर्ग सम्राटांच्या दरबारी होता, त्याची ऋतूंची पहिली चित्रं १५६३ ची, पण ती तैलचित्रं. दोघांनी एकमेकांचं काही बघितलं होतं असं मी म्हणत नाही, पण एकाने ऋतूचा चेहरा फळं-भाज्यांतून उभा केला आणि दुसऱ्याने माणसाच्या चेहऱ्यापुढे भाजीची टोपली आणली, दोन्ही पाच वर्षांच्या अंतरात, हे गमतीचं आहेच.

१५६३ हे साल अजून एका कारणाने लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्टेन फान हेमस्केर्कच्या रेखाटनांवरून फिलिप्स गालेने ऋतूंचा सेट कोरला. त्यात तुम्हाला हवं ते आहे, पुढे ऋतूची एक भली मोठी आकृती, मागे छोटी छोटी माणसं त्या ऋतूची कामं करतायत. हे चित्र आणि ब्रूगेलचा उन्हाळा शेजारी शेजारी ठेवा, दोन खिडक्या उघडून. आणि आता तिरपागडा यांना उत्तर देतो. हेमस्केर्कमध्ये मोठी आकृती जिथे आहे, ब्रूगेलमध्ये तिथे कोण आहे? पाणी पिणारा गडी. तेवढाच मोठा, तेवढाच पुढे, शिल्पासारखा पिळदार. मागचा मजूर पुढे आणून देवाच्या जागी बसवलाय. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना त्या जागी कोण असतं हे माहीत होतं म्हणूनच तो गडी खटकतो, आणि पाय चौकटीबाहेर येतो तो त्याचाच. रूपक चित्रात कुठे आहे विचारत होतात ना, ते त्या जागेत आहे. नुसतं लेबल असतं तर हा गडी मागे कुठेतरी कणसात उभा असता.

तिरपागडा

हे जरा बरं वाटलं. पण मी अजून अर्धाच पटलोय. ब्रूगेलने १५६५ मध्ये अँटवर्पच्या योंगेलिंक नावाच्या व्यापाऱ्याच्या घरासाठी वर्षाची मोठी चित्रमालिका रंगवली, त्यातली पाच शिल्लक आहेत, तीन व्हिएन्नात, एक प्रागला, एक न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कच्या चित्रात कापणी चाललीय आणि झाडाखाली एक गडी पाय फाकवून पालथ्यापालथी झोपलाय... सॉरी, उताणा झोपलाय, आत्ता उघडून बघितलं. तिथे ना लॅटिन ओळ ना वयाची तुलना. तरी ते चित्र उन्हाळाच आहे आणि कुणाचं काही अडत नाही. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की ब्रूगेलला शेत आवडायचं, रूपक कॉकला आवडायचं.

शाईचे_हात

@तिरपागडा, पण रंगवलेलं चित्र एका माणसाच्या जेवणघरात राहतं, तिथे पाहुण्याला सांगायला यजमान बसलेला असतो. प्रिंट सुटी फिरते. एका प्लेटवरून काही शे छाप तरी चांगले निघतात, मग रेघा झिजायला लागतात, मग परत कोरून छापतात. तो कागद कुठल्या गावात कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, त्यामुळे तिला आपली ओळ आपल्यासोबत न्यावी लागते. लॅटिन म्हणजे कुठल्याही देशातल्या शिकलेल्या माणसाला कळणार. आणि चाराचा सेट असला की एक घेतलेला माणूस उरलेल्या तीनसाठी परत येतो हेही आहेच.

रेघोट्या, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. दोन चित्रकार का? वसंताचं रेखाटन १५६५ चं आहे (ते व्हिएन्नात आल्बेर्टिना म्युझियममध्ये आहे), उन्हाळ्याचं १५६८ चं, आणि १५६९ मध्ये ब्रूगेल गेला. शरद आणि हिवाळा झालेच नव्हते. दोन ऋतूंचा सेट कोण घेणार, म्हणून कॉकने हान्स बोलकडून उरलेले दोन करून घेतले. बोल मेखेलेनचा, छोट्या माणसांनी गच्च भरलेली निसर्गचित्रं काढण्यात हातखंडा. म्हणून तुम्हाला दोन चित्रं वेगळी वाटली ती बरोबर वाटली, रेघ तीच आहे कारण कोरणारा तोच, पण मांडणी बदलली. हिवाळ्यात बर्फावर घसरणारी माणसं आहेत, सगळी छोटी छोटी, देवाच्या जागेवर कुणीच नाही. पोथीनिष्ठ यांच्या मुद्द्याला हा उलट्या बाजूने पुरावाच म्हणा ना, बोलने ती जागा रिकामी सोडली आणि पाय कुणाचाच बाहेर आला नाही.

आणि हे सेटवर १५७० साल आहे ना, त्याच वर्षी कॉकसुद्धा गेला. दुकान पुढे त्याच्या बायकोने चालवलं, फोल्क्सकेन डिरिक्स, १६०० मध्ये ती जाईपर्यंत. तीस वर्षं! प्लेट्स जपणं, परत छापणं, विकणं सगळं. कॉकचं नाव प्रत्येक कॅटलॉगात असतं, हिचं शोधावं लागतं.

चष्मा_कुठाय

वाचतेय, छान चाललंय. एक भाबडा प्रश्न. वसंत म्हणजे बालपण असं लिहिलंय पण ब्रूगेलच्या वसंताच्या चित्रात तर सगळी मोठी माणसं वाफे खणतायत, मालकीणबाई देखरेख करतेय, मागे मेंढ्यांची लोकर कातरणं चाललंय. बालपण कुठाय यात??

पोथीनिष्ठ

भाबडा नाहीये, चांगला प्रश्न आहे. मला वाटतं बालपण तिथे वाफ्यांचं आहे, माणसांचं नाही. जमीन नुकती फोडलीय, रोपं कुंडीतून काढून लावायची आहेत, झाडांना अजून भर नाही, वर्षच लहान आहे. आणि खणणारे कामाला जुंपलेत तेव्हा मागे दूर नदीकाठी मांडवाखाली काही मंडळी खातपीत नाचतायत बघा, बालपणाची चैन कुणाच्या वाट्याला आली तर त्यांच्या. पण हो, इथे तिरपागडा यांना एक गुण द्यायला हवा, ही ओळ चित्रावर थोडी सैलच बसते. उन्हाळ्यासारखी घट्ट नाही.

तिरपागडा

एक गुण मिळाला, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पुढच्या काळाचं काय झालं ते कुणी सांगेल का? म्हणजे गडी जिंकला का देवी परत आली?

पोथीनिष्ठ

देवी कुठे गेलीच नव्हती. १५९३ मध्ये रोममध्ये चेझारे रिपाचा 'इकोनोलोजिया' आला, पहिल्या आवृत्तीत चित्रं नव्हती, १६०३ च्या आवृत्तीत आली, आणि मग कुणी काय हातात धरायचं याचा तो कोशच झाला. हार्लेममध्ये गोल्टझियस नावाचा कोरणारा आणि त्याच्या हाताखालचे लोक यांनी ऋतूंचे सेट काढले ते फारच नजाकतीचे. मग १६४० च्या दशकात लंडनमध्ये प्रागचा वेन्सेस्लाउस होलार, त्याने तर ऋतू म्हणजे चार फॅशनेबल बायकाच केल्या, हिवाळ्याची बाई फर आणि मुखवट्यात, मागे लंडनचा रस्ता. तिथे ओंबी-द्राक्षं बाजूला पडली, कपड्यांवरूनच ऋतू ओळखायचा. पण तो प्रबोधनकाळाच्या पुढचा माणूस झाला, त्याचा वेगळा धागा काढा.

शाईचे_हात

गोल्टझियसचा उल्लेख झालाच आहे तर एक सांगून जाते. लहानपणी त्याचा उजवा हात भाजला होता, बोटं नीट उघडायची नाहीत. ब्युरिन धरायला तळहात आणि वाकलेली बोटंच लागतात. बारीक सुरू होऊन फुगत जाऊन परत बारीक होणारी त्याची रेघ जवळून बघा, मी कितीदा प्रयत्न केला, मधेच जाड करायला गेलं की ब्युरिन घुसतं आणि टोक तुटतं.

रेघोट्या

सगळ्यांचे खूप आभार, चार दिवसांचं आता चार आठवड्यांवर जाणार असं दिसतंय. हेमस्केर्कचा सेट आणि ब्रूगेलचा उन्हाळा दोन खिडक्यांत शेजारी ठेवलेत. पोथीनिष्ठ म्हणतात ते एकदा दिसलं की पुसता येत नाही, नजर दर वेळी त्याच पायावर जाऊन थांबते.

पुस्तकातल्या त्या कापलेल्या चित्राखाली पेन्सिलीने पाय काढून ठेवलाय. बोटं जरा जास्तच लांब झाली.

आणि बोलच्या हिवाळ्यात आता म्हातारा शोधतेय. ओळीत म्हातारपण म्हटलंय म्हणजे एखादा तरी असायला हवा ना? तासभर झाला, बर्फावर सगळे धडधाकट घसरतायत. कुणाला सापडला तर कुठल्या कोपऱ्यात ते सांगा.

तिरपागडा

सापडणार नाही. तो लेबलात आहे.